हाऊ कोन शे? (हा कोण आहे?) : ‘किमोनो माय हाउस’ पहिल्यांदा ऐकणाऱ्यांसाठी

हा अल्बम मी पहिल्यांदा लावला तो सुरत-भुसावळ पॅसेंजरमध्ये, नंदुरबारहून अमळनेरला येताना. दोंडाईचा यायच्या आत बंद केला. गाणाऱ्याचा आवाज इतका वर चढलेला आणि शब्द इतके भराभर येणारे, की फाइलच बिघडली आहे, वेगाने वाजते आहे, असं मला वाटलं. त्यानंतर दोन वर्षं मी त्याच्याकडे फिरकलो नाही. आज वर्षातून दहा-बारा वेळा तरी तो पूर्ण ऐकतो, आणि ती दोन वर्षं फुकट गेल्याची हळहळ अजून वाटते. शेजारी बसून कोणी चार गोष्टी सांगितल्या असत्या तर ती गेली नसती. धुळे, जळगाव, नंदुरबारकडची जी मुलंमुली आता इंग्रजी गाणी ऐकायला लागली आहेत, त्यांच्यासाठी त्या चार गोष्टी इथे क्रमाने लिहितो.

आधी थोडी ओळख

‘स्पार्क्स’ हा लॉस एंजेलिसच्या दोन भावांचा बँड. थोरला रॉन मेल, जन्म १९४५. धाकटा रसेल, जन्म १९४८. बहुतेक गाणी थोरला लिहितो आणि कीबोर्ड वाजवतो, धाकटा गातो. आधी बँडचं नाव ‘हाफनेल्सन’ होतं आणि त्यांचा १९७१ सालचा पहिला अल्बम त्याच नावाने आला. अमेरिकेत दोन अल्बम झाले, पण फारसं कोणी विचारलं नाही. मग १९७३ मध्ये दोघे भाऊ लंडनला गेले आणि तिथले इंग्रज वादक जमवले. गिटारवर एड्रियन फिशर, बासवर मार्टिन गॉर्डन, ड्रम्सवर डिंकी डायमंड. निर्माता मफ विनवुड. मे १९७४ मध्ये ‘आयलंड रेकॉर्ड्स’ने यांचा तिसरा अल्बम काढला, तोच ‘किमोनो माय हाउस’. ब्रिटनच्या खपाच्या यादीत तो चौथ्या क्रमांकापर्यंत गेला आणि त्यातलं पहिलं गाणं दुसऱ्या क्रमांकापर्यंत.

त्या हिवाळ्यात इंग्लंडात कोळशाची टंचाई होती. जानेवारी ते मार्च १९७४ या काळात बहुतेक कारखान्यांना आठवड्यातले तीनच दिवस वीज मिळत होती. हा अल्बम त्याच दिवसांत रेकॉर्ड झाला. भारनियमनाचं वेळापत्रक भिंतीला चिकटवून ज्यांनी दहावीचा अभ्यास केला, त्यांना त्या दिवसांतलं काम कसं चालत असेल हे वेगळं सांगायला नको. इतकी चकचकीत, उजेडाने भरलेली गाणी तशा अंधारात तयार झाली, ही गोष्ट मला फार आवडते.

नावात कोटी आहे. १९५१ साली अमेरिकेत ‘माझ्या घरी ये ना’ अशा अर्थाचं एक गाणं खूप गाजलं होतं. त्यातले ‘ये ना’ला असलेले इंग्रजी शब्द झटकन उच्चारले की कानाला ‘किमोनो’सारखे लागतात. बाकी जपानशी या अल्बमचा संबंध मुखपृष्ठापुरता. मुखपृष्ठावर किमोनो घातलेल्या दोन बायका आहेत. बँडचं नाव नाही, अल्बमचं नाव नाही. त्या दोघी त्या वेळी लंडनमध्ये आलेल्या एका जपानी नाटकमंडळीतल्या कलाकार होत्या. कॅलेंडरवरच्या चित्रात असतात तसे त्यांचे चेहरे शांत, गोड नाहीत. खोडी काढून उभ्या राहिल्यासारख्या दिसतात. ऐकण्याआधी ते चित्र मिनिटभर नीट बघा. आत काय आहे ते बाहेरच कळतं: पोशाख पूर्ण नाटकाचा, आणि पोशाखाच्या आत कोणीतरी मिश्कील माणूस.

पायरी पहिली: दहाच गाणी, आणि त्याच क्रमाने

मूळ तबकडीवर दहा गाणी आहेत, पाच एका बाजूला आणि पाच दुसऱ्या. एकूण वेळ सुमारे छत्तीस मिनिटं. मोबाइलवर शोधाल तेव्हा काही आवृत्त्यांत शेवटी ‘बार्बेक्यूटी’ आणि ‘लॉस्ट अँड फाउंड’ ही आणखी गाणी दिसतील. ती तेव्हाच्या सुट्या तबकड्यांच्या मागच्या बाजूची गाणी आहेत, नंतर जोडलेली. चांगली आहेत, पण पहिल्या वेळी ‘इक्वेटर’ या दहाव्या गाण्यानंतर थांबा. हा अल्बम कुठे संपावा हे ठरवून संपवलेला आहे. ते का, ते पुढे येईल.

गाण्यांचा क्रम आपोआप बदलणारं बटण बंद करा. तमाशात वग आधी आणि गण नंतर असं कोणी लावत नाही. इथेही पहिल्या गाण्याने बार उडवलेला असतो आणि दहाव्याने दिवा विझवलेला असतो.

पायरी दुसरी: वेळ आणि साधन

महागडं काही लागत नाही. पण मोबाइलचा स्पीकर नको, कारण या गाण्यांतली बास गिटार त्यात ऐकूच येत नाही, आणि मार्टिन गॉर्डनची बास या अल्बममध्ये नुसती साथ करत नाही. कीबोर्डच्या खांद्याला खांदा लावून ती धावते. साधे, कानात नीट बसणारे इअरफोन चालतील. ‘बास बूस्ट’ वगैरे सगळं बंद ठेवा, नाहीतर आधीच दाटीवाटीने बसलेली वाद्यं एकमेकांत कालवली जातात.

वेळेचं म्हणाल तर आपल्याकडे मे महिन्यातली दुपार सोडून कुठलीही. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, कूलरच्या घरघरीत, या आवाजाचे बारकावे कळायचे नाहीत. रात्री गच्चीवर पाणी मारून झालं, अंथरूण टाकलं, की मग. नेट जातं-येतं तिथे गाणी आधीच उतरवून ठेवा. मध्येच अडकलेलं गाणं या अल्बमला फार मारक आहे, सगळी गंमत वेगात आहे.

पायरी तिसरी: एकदा शब्दांशिवाय

पहिल्या वेळी अर्थाच्या मागे लागू नका. मी तीच चूक केली होती. मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला इंग्रजी गाणं लागलं की प्रत्येक शब्द पकडायची घाई होते आणि पहिल्या कडव्यातच दम लागतो. इंग्रजी बोलणाऱ्यांनाही हे शब्द पहिल्या ऐकण्यात सगळे कळत नाहीत. तेव्हा छत्तीस मिनिटं फक्त आवाज ऐका आणि तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा.

एक, सुरुवात. पहिलं गाणं एकदम सुरू होत नाही. कीबोर्डची एक फिरती ओळ लांबून जवळ येते, फाटकावर उभं असताना गाडी येते तशी. मग आवाज येतो, आणि बाकीची मंडळी तुटून पडतात. मध्ये एके ठिकाणी बंदुकीचा बार ऐकू येईल. दचकू नका, तो त्या गाण्यातला विनोद आहे, त्याचा अर्थ चौथ्या पायरीत.

दोन, गळा. रसेल इतका वरच्या पट्टीत गातो त्यामागे एक साधं कारण आहे. रॉन पियानोवर बसून चाल बांधतो, ती भावाच्या गळ्याला झेपेल का याचा विचार न करता. पहिलं गाणं त्याने ‘ए’ स्वरात बांधलं, म्हणजे आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी सहा, आणि ते त्याच पट्टीत गायलं जाईल यावर तो ठाम राहिला. आपल्याकडे गायकासाठी पट्टी उतरवतात. इथे गायक पट्टीमागे चढला. त्या चढण्यातून जो ताण आवाजात आला, तोच पुढे या बँडची ओळख झाला. रसेल वरच्या जागी खोटा आवाज लावतो, पण सूर सोडत नाही आणि शब्दही सोडत नाही. तमाशातली मावशी करणारा पुरुष ज्या सफाईने आवाज बदलतो ती तुम्ही ऐकली असेल, तर हा आवाज तुम्हाला परका वाटायचं कारण नाही.

तीन, ठेका. तिसरं गाणं, ‘फॉलिंग इन लव्ह विथ मायसेल्फ अगेन’, तीनच्या हिशोबात झुलतं. टाळी देऊन बघा, दादऱ्याला देता तशी पहिल्या मात्रेवर. सातव्या गाण्यात तर खरोखरच टाळ्या आणि पाय आपटल्याचा आवाज आहे. रॉक म्हणजे कायम चारचा धडधडाट हा समज इथेच सुटला तर बरं.

एवढं झालं की त्या दिवशी दुसरं काही ऐकू नका.

पायरी चौथी: दर गाण्याला विचारा, हाऊ कोन शे?

आता खरं काम. गाण्याचे शब्द समोर घ्या, नेटवर सहज मिळतात. एक वही घ्या. दर गाण्यासाठी तिच्यात एवढंच लिहायचं: बोलणारा कोण, कोणाशी बोलतो आहे, कुठे उभा आहे, आणि काय लपवतो आहे.

हे का, ते सांगतो. आपण गाण्यातला ‘मी’ म्हणजे गाणारा माणूसच असं धरून चालतो. भक्तिगीत, भावगीत, सिनेमातलं विरहगीत, सगळीकडे तसंच ऐकायची सवय झाली आहे. स्पार्क्सच्या गाण्यात तसं ऐकलं की माणूस फसतो. त्यांचं प्रत्येक गाणं एक सोंग आहे. दर तीन-चार मिनिटांनी नवं सोंग येतं, आपली बाजू अगदी कळकळीने मांडतं आणि जातं. ते स्वतःबद्दल जे सांगतं त्याच्या पलीकडचं आपल्याला दिसतं, तिथे हसू येतं. खानदेशी कानाला हे शिकवावं लागत नाही, फक्त आठवण करून द्यावी लागते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर बसलेली एकटी बाई सासूच्या तोंडचंही गाते आणि सुनेच्या तोंडचंही, आणि ऐकणाऱ्या कोणाचाही गोंधळ होत नाही. वहीगायनात, म्हणजे आपल्याकडच्या कथा गाण्याच्या लोककलेत, डफावर थाप पडली की तोच माणूस राजा होतो आणि थोड्या वेळाने राणी. कोण बोलतं आहे हे ओळखणं आपल्याला लहानपणापासून येतं. इंग्रजी ऐकताना ते आपण विसरतो, एवढंच.

म्हणून गाणं सुरू झालं की मनात आधी अहिराणीत विचारा: हाऊ कोन शे? लेवा बोलणाऱ्यांनी आपल्या बोलीत विचारावं. बोलीत विचारल्याने फरक पडतो, हा माझा अनुभव आहे. प्रमाणभाषेत विचारलं की आपण परीक्षेला बसल्यासारखे ताठ होतो.

पहिल्या गाण्यापासून धरा. ‘धिस टाउन एन्ट बिग इनफ फॉर बोथ ऑफ अस’ हे वाक्य काउबॉयच्या सिनेमांतलं घासून गुळगुळीत झालेलं वाक्य आहे. दोन बंदूकवाले समोरासमोर येतात आणि एक म्हणतो, हे गाव दोघांना पुरणार नाही. आपल्याकडे म्हणायचं तर: या गावमा एक तं तू ऱ्हाशी, नही तं मी ऱ्हासू. त्या वाक्यावर बंदुकीचा बार वाजतो. पण कडवी वाचा. कुठे आहे हा गडी? प्राणिसंग्रहालयात, विमानात, रोजच्या कॅफेत, न्हाणीघरात, आणि एका कडव्यात चक्क जनगणना आलेली आहे. प्रत्येक ठिकाणी मनात मुलगी, आणि तिच्या विचाराने याच्या छातीत धडधड. ती धडधड वाढली की त्याला भोवती हिंस्र जनावरं दिसायला लागतात. म्हणजे बंदूक घेतलेला दांडगा कोणीच नाही. मुलीशी दोन शब्द बोलताना घाम फुटणारा पोरगा आहे, आणि धीर यावा म्हणून त्याने सिनेमातलं वाक्य पाठ केलं आहे. हे कळल्यावर गाणं पुन्हा लावा. तो उंच, ताणलेला आवाज आता वेगळा ऐकू येईल. घाबरलेल्या माणसाचा आवाज असाच वर जातो. चाल, पट्टी, शब्द आणि सोंग, चारही एकाच गोष्टीसाठी राबत आहेत. मला विचाराल तर या अल्बममधलं सगळ्यात पक्कं बांधकाम हेच.

‘अमॅच्युअर आवर’ वयात येणाऱ्या पोरांच्या पहिल्यावहिल्या धडपडीबद्दल आहे. नाव हौशी कलाकारांच्या स्पर्धेवरून घेतलं आहे, आणि प्रेमातही सराव लागतो हा त्यातला मुद्दा. घरात लहान मुलं असतील तर इअरफोन लावूनच ऐका.

चौथ्या गाण्याला, ‘हिअर इन हेवन’ला, वहीचं एक पूर्ण पान द्या. बोलणारा मेलेला आहे. रोमिओ-ज्युलिएटसारखी एकत्र मरायची शपथ दोघांनी घेतली होती. याने उडी घेतली, तिने घेतली नाही. आता तो स्वर्गातून बोलतो आहे. तिची तब्येत उत्तम असल्याचं त्याच्या कानावर आलं आहे, म्हणजे ती इतक्यात वर येत नाही, हे त्याला कळलं आहे. रागावू की वाट पाहू, हे त्याचं ठरत नाही. एरवी ‘तुझी तब्येत चांगली आहे ना’ हे किती प्रेमाचं वाक्य. इथे त्याच वाक्यात सगळी तक्रार भरली आहे. आणि याच्या खाली वाजणारी चाल खरोखर सुंदर आहे, थट्टा करणारी अजिबात नाही. म्हणून हसता हसता मध्येच त्या बिचाऱ्याची दया येते. विनोदी गाण्याची चाल हलकी असली तरी चालते, असं मानणाऱ्यांना मी हे गाणं ऐकवतो.

‘थँक गॉड इट्स नॉट ख्रिसमस’मध्ये एक नवरा आहे. रोज बाहेर फिरायला, खायला-प्यायला जागा उघड्या असतात म्हणून त्याचं निभतं. नाताळच्या दिवशी सगळं बंद, आणि घरात फक्त बायको. तो दिवस आज नाही याबद्दल तो देवाचे आभार मानतो आहे. नाताळाच्या जागी आपली लक्ष्मीपूजनानंतरची सुनसान दुपार ठेवा, दुकानं बंद, गल्लीत चिटपाखरू नाही. असा एखादा काका प्रत्येकाच्या ओळखीचा निघेल. चाल मात्र अशी भव्य की सणाचीच वाटावी.

दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं म्हणजे ‘हास्ता मान्याना मस्यू’. नावातच अर्धं स्पॅनिश आणि अर्धं फ्रेंच. दोन माणसांना एकमेकांची भाषा येत नाही आणि तरी प्रेम जमवायचं आहे. भुसावळच्या फलाटावर अर्धा तास बसलेल्या माणसाला हे गाणं समजावून द्यावं लागू नये.

‘टॅलेंट इज अ‍ॅन अ‍ॅसेट’ हे माझं लाडकं. यात एक लहान मुलगा आहे, त्याचं नाव आल्बर्ट. मोठेपणी तो आइन्स्टाइन होणार आहे. पण बोलत तो नाहीच, बोलतात त्याचे घरचे: याला त्रास देऊ नका, याला खेळायला बोलावू नका, हा हुशार आहे. इंग्रजीत ‘रिलेटिव्ह’ म्हणजे सापेक्ष आणि ‘रिलेटिव्ह’ म्हणजेच नातेवाईक. ज्या माणसाने सापेक्षतेचा सिद्धांत मांडला, त्याला लहानपणी नातेवाइकांनी घेरलेलं दाखवायचं, ही कोटी एका शब्दावर उभी आहे आणि तीन मिनिटं टिकते. टाळ्या आणि पाय आपटणं याच गाण्यात आहे, सगळं गोत अंगणात जमल्यासारखं वाटतं. बारावीच्या वर्षी ज्या घरांत टीव्हीची केबल काढतात आणि आलेल्या पाहुण्याला दारातूनच चहा पाजून परत पाठवतात, त्या घरांतल्या पोरापोरींनी हे जरूर ऐकावं. गाण्यातले घरचे वाईट नाहीत. त्यांचं प्रेम खरं आहे, आणि तरी त्या मुलाकडे बघून जीव गुदमरतो.

‘कम्प्लेंट्स’ तक्रार-खिडकीवर बसणाऱ्या माणसाचं, छोटंसं आहे. ‘इन माय फॅमिली’मध्ये कुळाचा अभिमान बाळगणारा कुलदीपक आहे, आणि शेवटी त्या वंशवृक्षालाच गळफास लावून घ्यायची भाषा करतो. ही कोटी मराठीत जशीच्या तशी उतरते, कारण वंशाचं झाड आपल्याकडेही झाडच आहे. विनोद काळा आहे. मन आधीच जड असलेल्या दिवशी हे गाणं आणि ‘हिअर इन हेवन’ ही दोन्ही बाजूला ठेवा, दुसऱ्या दिवशी ऐका.

आणि ‘इक्वेटर’. प्रेयसीने भेटायची जागा सांगितली आहे: विषुववृत्त. हा भाबडा ठरल्या तारखेला तिथे पोचला आहे, भेटवस्तू घेऊन. ती कुठेच नाही. विषुववृत्त चाळीस हजार किलोमीटरहून लांब आहे, त्याच्यावर नेमकं कुठे भेटायचं हे ठरलेलंच नाही, आणि ‘तिथे भेटू’ म्हणणारीने टाळलं आहे हे त्याला सोडून सगळ्यांना कळलं आहे. आणलेल्या भेटवस्तू उन्हाने वितळल्या आहेत, ज्या जिवंत होत्या त्या मेल्या आहेत. एप्रिलमध्ये चोपड्याहून शिरपूरला एसटीने पेढे नेऊन बघा, हे कडवं अंगावर येतं. तो मात्र अजून वाट बघतो आहे. शेवटी वाद्यं एकेक करून गळतात, त्याचा एकट्याचा उंच आवाज उरतो, हाका मारत राहतो आणि विरतो. पहिल्या गाण्यात ‘मी गाव सोडणार नाही’ म्हणणारा, आणि दहाव्यात पृथ्वीच्या कमरेवर एकटा उभा असलेला. म्हणून म्हटलं होतं, इथे थांबा. जोडलेली गाणी लागली की हा शेवट पुसला जातो.

ही वही भरायला मला तीन आठवडे लागले. रात्री एकच गाणं घ्या, घाई नको.

पायरी पाचवी: आता बघा

मे १९७४ मध्ये बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमात या बँडने पहिलं गाणं सादर केलं. ते चित्रण आजही पाहायला मिळतं. पण ऐकून झाल्यावरच बघा, असं मी आग्रहाने सांगतो. आधी बघितलं की चेहरे डोक्यात बसतात आणि गाण्यातली सोंगं मागे पडतात.

काय बघायचं? रसेल कुरळे केस उडवत, नाचत गातो. रॉन कीबोर्डमागे बसलेला. चापून बसवलेले केस, आखूड मिशी, शर्ट, टाय, एखाद्या कचेरीतला हेडक्लार्क असावा तसा. हसत नाही, फक्त कॅमेऱ्याकडे रोखून बघतो, मध्येच डोळे फिरवतो. त्या काळचे बाकीचे बँड चमचमते कपडे आणि उंच टाचांचे बूट घालून येत असताना हा माणूस कमीत कमी हालचाल करून सगळ्यांच्या नजरा ओढून घेतो. आपल्याकडच्या जाणत्या सोंगाड्यांचं कसब हेच. समोरचे हसून लोळत असतात आणि त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. दोन भावांची वाटणी बघा: एक सगळं उधळतो, दुसरा सगळं राखून ठेवतो.

‘नाटकी’ हा शब्द आपण दोष म्हणून वापरतो, खोटं वागणाऱ्या माणसासाठी. तो मला पटत नाही. या दोघांचं नाटक अगदी सच्चं आहे. रॉनच्या त्या चेहऱ्यामागे जी गाणी आहेत, त्यांतल्या एकाही माणसाचा त्याने अपमान केलेला नाही. सातपुड्यात काठी गावच्या होळीला मोरपिसांचा टोप घालून, अंगावर ठिपके काढून बुध्या नाचतो तेव्हा तो खोटं वागतो आहे असं कोणी म्हणत नाही.

पायरी सहावी: चार जण जमवा

एकट्याने वही भरून झाली की हा अल्बम माणसांत घेऊन जा. आम्ही हे गेल्या दोन हिवाळ्यांत शेतावर केलं. भरीत पार्टीला जमायचंच असतं. काड्यांवर वांगी भाजायला आणि कळण्याच्या भाकरी व्हायला जो वेळ लागतो, त्यात दहा गाणी बसतात. पद्धत अशी: प्रत्येकाला आधी एकेक गाणं वाटून द्या. गाणं लागायच्या आधी त्याने उभं राहून त्या गाण्यातला माणूस होऊन आपली कहाणी आपल्या बोलीत सांगायची, दोन मिनिटांत. मग गाणं लावायचं. इंग्रजीचा एक शब्द न येणारी माणसंही त्या वेळी गाण्याबरोबर हसतात, कारण कोण बोलतं आहे हे त्यांना कळलेलं असतं. आमच्यातल्या एका काकांनी स्वर्गातला प्रियकर केला होता, वरून वाकून खाली बघत, तिची तब्येत चांगली असल्याचं ऐकून उसासे टाकत. त्या रात्री वांगी थोडी जास्तच भाजली गेली.

स्पीकर एकच, मधोमध ठेवा, आवाज मध्यम. डीजेच्या भिंती या संगीताला चालत नाहीत.

पुढे काय ऐकावं

एका अल्बमला किमान महिना द्या, मग पुढचा. ‘प्रोपगंडा’ त्याच वर्षी, १९७४ मध्येच आला, आणि घडणीने याच्या सर्वांत जवळचा आहे, तेव्हा आधी तो. बासचा वादक त्यात बदललेला आहे, फरक कानाला लागतो का बघा. मग १९७५ चा ‘इंडिस्क्रीट’, निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी, जास्त पसरट, जास्त रंगमंचाकडे झुकलेला. त्यानंतर थेट १९७९ वर या: ‘नंबर वन इन हेवन’. संगीत-निर्माता जॉर्जिओ मोरोडरबरोबर केलेला, गिटार जवळजवळ हद्दपार आणि सगळीकडे सिंथेसायझर. नाचायला उत्तम आहे, पण पहिला अल्बम म्हणून हा ऐकू नका, सोंगं ओळखायची सवय आधी लागलेली बरी. २००२ चा ‘लिल बेथोव्हेन’ सर्वांत शेवटी ठेवा. त्यात एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत गाणं उभं केलं आहे, आणि त्याला धीर लागतो.

२००८ साली लंडनमध्ये या भावांनी तोवरचे आपले एकवीस अल्बम एकवीस रात्रींत, एका रात्री एक, पहिल्यापासून शेवटपर्यंत सादर केले. रात्रभर चालणारं वहीगायन ऐकलेल्या माणसाला त्या एकवीस रात्रींतली मेहनत चटकन कळेल. २०२१ मध्ये दिग्दर्शक एडगर राइटने त्यांच्यावर एक माहितीपट काढला. तोही बघा, पण किमान तीन अल्बम ऐकून झाल्यावर. त्याच वर्षी त्यांनी लिहिलेल्या एका संगीतमय चित्रपटाला कान महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. तेव्हा रॉन पंच्याहत्तरीच्या घरात होता.

वही फेकू नका. ‘प्रोपगंडा’साठी नवं पान उघडा, वर गाण्याचं नाव लिहा, आणि खाली पहिला प्रश्न तोच.